बर्थाबाईंची तहानलेली गाडी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दुपारचे दोन वाजलेले. पुसदहून एक लग्न आटोपून मी दिग्रसला परत येत होतो. चढावर गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकला आणि बघता बघता बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली. गाडी बाजूला घेतली, अर्धा तास एका कडुनिंबाखाली थांबलो, जवळच्या कॅनमधलं पाणी ओतलं आणि निघालो. काटा खाली आला. मला वाटलं, झालं काम. पुढच्या आठवड्यात हाच प्रकार आणखी दोनदा झाला आणि दोन्ही वेळा मी पाणी ओतून गाडी घरी आणली. चौथ्या वेळी मात्र ती जागची हललीच नाही.

मिस्त्रीने गाडी उघडण्याआधी मला चार प्रश्न विचारले. गाडी गावात गर्दीत उभी असताना तापते की हायवेवर? पाणी किती दिवसांनी कमी होतं? गाडीखाली ओल दिसते का? सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का? मग त्याने इंजिन ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर दुधाच्या चहासारखा फेस होता. पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं, म्हणजे हेड गॅस्केट गेलं होतं. पहिल्याच दिवशी आणली असती तर पाइपाच्या एका क्लिपवर भागलं असतं, असं तो म्हणाला. पाणी तिथून झिरपत होतं, ते कमी पडून इंजिन तापलं आणि तापून तापून गॅस्केट जळलं.

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या माणसाला हे ऐकताना लाज वाटली. ताप आला की गोळी खाऊन कामावर जाणाऱ्या आणि चौथ्या दिवशी बेशुद्ध होऊन येणाऱ्या पेशंटला मी रोज रागावतो. गाडीच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं होतं. आकडा खाली आणला, कारण शोधलं नाही.

त्यानंतर मी इंजिन तापण्याच्या विषयावर जमेल तेवढं वाचलं. वाचता वाचता एका बाईंची ओळख झाली. त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास केला, तोही वाटेत गावोगाव इंजिनाला पाणी पाजत. त्यांचं नाव बर्था बेन्झ. आजच्या सदरात त्यांची गोष्ट सांगतो, कारण ती मोटारीची आहे तितकीच निदानाचीही आहे.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी दक्षिण जर्मनीतल्या फोर्झहाइम या गावी झाला. वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात चांगले सधन झालेले. घरात मुलीच फार. असं सांगतात की, दहाएक वर्षांची असताना तिने घरातलं बायबल उघडलं. त्यात वडील मुलांच्या जन्माच्या नोंदी करत. तिच्या जन्माच्या नोंदीपुढे, दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे वाक्य लिहीत नाहीत एवढंच. बोलतात मात्र सर्रास. त्या काळी तिथल्या मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं. मुलीला यंत्रांची आवड असली तरी ती आवड घरातच राहायची.

१८६९ साली एका सहलीत तिची कार्ल बेन्झ या तरुण इंजिनिअरशी ओळख झाली. त्याच्याजवळ पैसा नव्हता, पण घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीचं वेड होतं. १८७१ मध्ये त्याने मानहाइम शहरात एका भागीदाराबरोबर छोटा कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि सगळं बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाने लग्नात मिळायचा हुंडा लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतला आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा सोडवला. लग्न झालं २० जुलै १८७२ रोजी. म्हणजे मोटारगाडीच्या कारखान्यात पहिला मोठा पैसा घातला तो या नवऱ्या मुलीने.

पुढची वर्षं ओढगस्तीची होती. मुलं झाली, कर्ज झालं. १८७९ सालच्या शेवटच्या रात्री कार्लचं गॅसवर चालणारं इंजिन पहिल्यांदा नीट सुरू झालं. तेव्हा कारखान्यात शेजारी बर्था उभी होती. १८८३ मध्ये नवी कंपनी निघाली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट दाखल केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मानहाइमच्या रस्त्यावर लोकांनी ती गाडी पाहिली. पाहिली, पण विकत कुणी घेईना. लोकांना ती आवाज करणारी आणि धोक्याची वाटे. कार्ल स्वभावाने सावध होता. अजून थोडी सुधारणा, अजून एक चाचणी, असं त्याचं चालायचं. शहराच्या आसपास चकरा मारण्यापलीकडे गाडी कधी गेलीच नव्हती.

इथे त्या गाडीचं इंजिन थोडं समजून घेऊ. इंजिनात इंधन जळतं, त्यातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला कामी येतो, आणि हे झालं आजच्या चांगल्या पेट्रोल इंजिनाचं. उरलेल्यातला मोठा भाग धुरावाटे जातो आणि बाकीचा सिलिंडरच्या लोखंडाला तापवतो. ही उष्णता काढून नेली नाही तर ऑइल पातळ होतं, पिस्टन फुगतो आणि इंजिन जाम होतं. शरीराचंही असंच आहे. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा फार तर पाव हिस्सा कामाला येतो, बाकी उष्णता होते. म्हणूनच डवरणी करणारा माणूस सावलीत बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक तापतो.

कार्ल बेन्झच्या त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवती पाणी असायचं, ते तापून उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. घामाचं तत्त्व अगदी हेच. माठातलं पाणी गार होतं ते याच हिशेबाने. थोडक्यात, जगातली पहिली मोटार घाम गाळून स्वतःला थंड ठेवत होती. आणि घाम गाळणाऱ्याला पाणी प्यावंच लागतं.

ऑगस्ट १८८८. शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या. एका पहाटे कार्ल झोपेत असताना बर्थाने थोरल्या दोन मुलांना, १५ वर्षांच्या ऑयगेनला आणि १३ वर्षांच्या रिचर्डला उठवलं. आवाज होऊ नये म्हणून तिघांनी गाडी ढकलत दूर नेली आणि मग सुरू केली. माहेरी फोर्झहाइमला जायचं होतं. अंतर सुमारे १०४ किलोमीटर. रस्ते बैलगाड्यांचे आणि घोडागाड्यांचे, खुणांच्या पाट्या नाहीत, पेट्रोल पंप नावाची गोष्ट जगात नाही. आईला भेटणं हे निमित्त होतं. ही गाडी लांब जाऊ शकते हे जगाला, आणि बहुधा घरात झोपलेल्या नवऱ्यालाही, दाखवायचं होतं.

वाटेत काय काय झालं ते पाहा. इंधन संपत आलं. ते इंधन म्हणजे लिग्रोइन, कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचा पातळ द्रव. तो औषधाच्या दुकानात मिळे. व्हीसलोख गावच्या औषधविक्रेत्याकडून बर्थाने तो विकत घेतला. आज ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं. आम्हा औषधपाण्यातल्या लोकांना याचा थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.

पुढे इंजिन बंद पडलं. बर्थाने पाहिलं, ठिणगी आहे पण इंधन येत नाही, म्हणजे नळीत कचरा असणार. टोपीत खोचलेली लांब पिन काढून तिने नळी साफ केली. नंतर विजेच्या तारेवरचं आवरण घासून उघडं पडलं. मोजा पायावर धरून ठेवणारा आपला पट्टा काढून तिने तार गुंडाळली. साखळी ताणली गेली तेव्हा ब्रुखझाल गावात लोहाराकडून ती दुरुस्त करून घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले तेव्हा एका गावातल्या मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना इथूनच आली असं मानतात. मोठ्या चढावर गाडीची ताकद कमी पडे, तेव्हा मुलं उतरून ढकलत.

आणि या सगळ्या वेळात पाणी. दर थोड्या अंतरावर थांबायचं आणि खानावळीची विहीर, गावातला हौद, रस्त्याकडेचा ओढा, जिथे मिळेल तिथे पाणी भरायचं. ते विसरलं असतं तर पिनेचा आणि पट्ट्याचा काही उपयोग झाला नसता. इंजिन भाजून निघालं असतं आणि प्रवास तिथेच संपला असता.

मला डॉक्टर म्हणून या प्रवासातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. प्रत्येक बिघाडाला बर्थाचं उत्तर वेगळं होतं. बंद पडली की ढकला, तापली की पाणी ओता, असा एकच उपाय तिने सगळीकडे चालवला नाही. इंधन, ठिणगी, साखळी, ब्रेक, पाणी यांपैकी नेमकं काय चुकतंय ते तिने आधी ओळखलं. हे ती शिकली ते नवऱ्याच्या शेजारी कारखान्यात उभं राहून, वर्षानुवर्षं पाहून. निदान हे असंच शिकलं जातं, मग ते मिस्त्रीचं असो की डॉक्टरचं.

संध्याकाळी तिघं धुळीने माखून फोर्झहाइमला पोहोचली. कार्लला तार गेली. काही दिवसांनी ती गाडीनेच परत आली. बर्थाने चढावरची अडचण सांगितली आणि पुढे गाडीला चढासाठी आणखी एक गिअर बसवला गेला, असं सांगतात. प्रवासाची चर्चा झाली आणि हळूहळू गिऱ्हाईकं येऊ लागली. १८९९ साली या कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा जगात तिच्याहून मोठा मोटार कारखाना नव्हता.

पाण्याचा प्रश्न मात्र राहिला होता. घाम गाळणारी गाडी लांब आणि वेगाने जाऊ शकत नाही. तो प्रश्न सोडवला दुसऱ्या कंपनीतल्या विल्हेल्म मायबाख या जर्मन इंजिनिअरने. १९०० च्या सुमारास त्याने मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर तयार केला. त्यात ८ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांमधून हवा वाहायची आणि त्यांच्याभोवतीचं पाणी थंड होऊन पुन्हा इंजिनाकडे जायचं. पाणी उडून न जाता फिरत राहू लागलं. पुढे १९२६ मध्ये या दोन्ही कंपन्या एक झाल्या.

या बदलाचा अर्थ गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावा. बर्थाच्या गाडीत पाणी कमी होणं हा आजार नव्हता, ती तिची घडणच होती. आजच्या गाडीत पाणी बंद चक्रात फिरतं. ते वारंवार कमी होत असेल तर कुठेतरी बिघाड आहे. बर्थाने पाणी ओतलं ते बरोबर होतं. मी ओतलं ते चूक होतं, कारण ओतल्यावर मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

तो पुढचा प्रश्न कसा विचारायचा, ते त्या मिस्त्रीकडून शिकलेलं सांगतो. गाडी बाजारात, फाटकावर उभी असताना तापते आणि हायवेवर सुटल्यावर काटा खाली येतो, तर पंख्यावर संशय घ्यावा. पळताना वारा पंख्याचं काम करतो, उभी राहिल्यावर ते काम करायला कुणी नसतं. उलट, उभी असताना ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, तर पाणी कमी आहे, वॉटर पंप नीट फिरवत नाही किंवा रेडिएटर चोंदला आहे. आपल्याकडे कापसाच्या हंगामात आणि धुळीच्या रस्त्यांवर रेडिएटरच्या जाळीत रुई, माती, किडे अडकतात. आतून चोंदण्याचं कारण म्हणजे बोअरचं क्षारयुक्त पाणी. पाणी तापवायच्या भांड्याला चढतो तोच पांढरा थर नळ्यांमध्ये चढतो. म्हणून कंपनीने सांगितलेलं कूलंटच वापरावं.

इंजिन तापलंय, पण रेडिएटरचा वरचा पाइप गरम आणि खालचा थंड, तर पाणी फिरत नाही. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असू शकतो किंवा रेडिएटर आतून चोंदलेला. पाणी कमी होतं, खाली ओल दिसते, तर पाइप, क्लिप, पंप पाहावेत. पाणी कमी होतं आणि ओल कुठेच दिसत नाही, तर ते इंजिनाच्या आत जात असण्याची शक्यता मोठी. पांढरा धूर आणि ऑइलमधला फेस ही त्याची लक्षणं. इंजिन ऑइल कमी असेल तरी गाडी तापते, तेही तपासावं.

काटा लाल पट्ट्यात गेला तर एसी बंद करा, सुरक्षित जागी गाडी थांबवा, इंजिन बंद करा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते १०० अंशांवरही न उकळता राहतं. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळतं पाणी, वाफ थेट तोंडावर येते. अशी भाजलेली तोंडं आणि हात मी दर उन्हाळ्यात पाहतो. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नका, लोखंडाला तडा जाऊ शकतो.

आता शरीराकडे येतो. माझी गाडी मिस्त्रीकडे असतानाच, त्याच आठवड्यात, शेतावर काम करणाऱ्या पन्नाशीच्या एका माणसाला बेशुद्ध अवस्थेत आणलं गेलं. आदल्या दिवशी दुपारी तो असंबद्ध बोलू लागला होता, अंग भट्टीसारखं होतं. घरच्यांनी तापाची गोळी दिली. संध्याकाळी आणखी एक आणि सकाळी तिसरी. त्यांनी काळजी घेतली होती, जे ठाऊक होतं ते केलं होतं. आम्ही बर्फ, ओल्या चादरी, पंखे, सलाईन सगळं केलं. पण मूत्रपिंड आणि यकृत तोवर निकामी झाले होते. तो वाचला नाही.

साधा ताप आणि उष्माघात दोन्हींत थर्मामीटर वर जातो, पण कारण उलटं असतं. साध्या तापात मेंदूतला थर्मोस्टॅटच वरच्या आकड्यावर लावला जातो, कारण शरीराला जंतूंशी लढायचं असतं. पॅरासिटामॉलची गोळी तो थर्मोस्टॅट खाली आणते. उष्माघातात थर्मोस्टॅट जागेवरच असतो. बाहेरची आणि आतली उष्णता मिळून इतकी होते की घाम आणि रक्ताभिसरण ती बाहेर टाकू शकत नाहीत. तिथे गोळीचा उपयोग नाही, उलट यकृतावर भार पडतो. तिथे बाहेरून थंड करणं हाच उपचार आणि तोही तिथल्या तिथे, पहिल्या काही मिनिटांत.

म्हणून उन्हात काम केलेला किंवा उकाड्यात बंद घरात राहिलेला माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, झोकांड्या देऊ लागला, त्याला झटका आला किंवा तो बेशुद्ध पडला आणि अंग चटका बसेल इतकं गरम असलं, तर थर्मामीटरची किंवा गोळीची वाट पाहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. अंग कोरडंच असेल असंही नाही. कष्टाचं काम करताना उष्माघात झालेल्याला घाम सुटलेलाही असतो. रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ॲलर्जीच्या आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका अधिक. त्या मनाने बंद करू नका, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. आपलं शरीर अजूनही बर्थाच्या गाडीसारखंच आहे. त्याला मायबाखचा रेडिएटर मिळालेला नाही. ते पाणी उडवूनच थंड होतं, त्यामुळे दर थांब्यावर भरावंच लागतं. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

कार्ल बेन्झ १९२९ मध्ये लाडेनबुर्ग येथे वारले. बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षं जगल्या. ज्या काळात विद्यापीठाने त्यांना आत घेतलं नसतं, तो काळ मागे पडला होता. कार्ल जिथे शिकला त्या कार्ल्सरुहेच्या तंत्र विद्यापीठाने ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या ९५ व्या वाढदिवशी, त्यांना मानद सिनेटर हा किताब देऊन गौरवलं. दोन दिवसांनी, ५ मे रोजी त्या गेल्या. आज मानहाइम ते फोर्झहाइम हा त्यांचा रस्ता त्यांच्या नावाने जपला आहे. त्यावरून गाड्या जातात, त्यांना पाण्यासाठी थांबावं लागत नाही.

माझ्या गाडीत अजूनही पाण्याचा कॅन असतो. आता तो गाडीसाठी नाही. उन्हात रस्त्याच्या कडेला कुणी बसलेलं दिसलं तर थांबून आधी दोन प्रश्न विचारतो, नाव काय आणि गाव कुठलं. उत्तर नीट आलं तर कॅन त्याच्या हातात देतो. नाही आलं तर तेच पाणी त्याच्या अंगावर ओततो आणि १०८ लावतो.